डिस्क बदलल्याचा संशय

हळदीचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. आमच्या करावे गावात लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीत कोण कसा नाचला हे वर्षानुवर्षं बघायचं असतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मंडळी येतात, "ताई, आजोबांचा नाच हाय ना तुमच्याकडं?" म्हणून मी जुनं काहीच डिलीट करत नाही.

जुना कॉम्प्युटर रडायला लागला तेव्हा शिरवण्यातल्या दुरुस्तीवाल्या दादांकडून नवी एसएसडी, म्हणजे जलद चालणारी डिस्क, बसवून घेतली. सुरुवातीला वाऱ्यासारखी पळाली. पुढे पुढे मात्र फाइल कॉपीला लावली की पहिला मिनिटभर जोर, मग बैलगाडी. मध्ये एकदा पंखा साफ करायला मशीन दोन दिवस दादांकडे होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. डिस्क बदलली मेल्याने!

स्वभावच तसा माझा. भाजीवाल्याचा काटाही मी आधी रिकामा बघते. व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, 'शिरवण्यात मशीन देताना सांभाळून. पार्ट बदलतात.' नाव लिहिलं नाही. आमच्यात नाव कोणी लिहीत नाही, आणि तो कोण हे कोणाला विचारावंही लागत नाही.

महिन्याभराने पुरावाच हवा म्हणून मशीन उचलून दादांच्या दुकानात गेले. डिस्क बाहेर काढायला लावली, बिलावरचा नंबर ताडून पाहिला. तोच होता. तरी विश्वास बसेना. स्टिकर वरून चिकटवलाय का ते नखाने खरवडून पाहिलं.

डिस्क परत लावून दादांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, ही गच्च भरलीय. रिकाम्या जागेतच ती घाईचं काम उरकते. जागाच नाय तर करनार काय? जुन्या हळदी साध्या हार्ड डिस्कवर टाका."

तिथेच एक साधी हार्ड डिस्क घेतली आणि बसल्या बसल्या निम्म्या हळदी तिच्यावर हलवल्या. मग तीच अडणारी फाइल झरकन गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्या वेळात दुकानात एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. मी निघाले तेव्हा दादा म्हणाले, "तुमच्या व्हिडिओवाल्यांचं काम महिनाभर येतच नाय. कोनीतरी ग्रुपवर माझं नाव खराब केलंय. तुमी त्या ग्रुपवर असता ना? कोन ते जरा बघाल? दुसऱ्या कोनावर भरोसा नाय आता, तुमच्यावर हाय."

"बघते," म्हणाले मी.