दोऱ्याने वेग मोजणारे सलीमभाई

लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, नवा जॉब (कातायचा तुकडा) चढला की सलीमभाई आधी खिशातून दोरा काढत. तो जॉबभोवती एकदा गुंडाळायचा, पट्टीवर मोजायचा, मगच गिअरला हात लावायचा. तेलगावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते बावीस वर्षं टर्नर होते. गेल्या वर्षी मुलीकडे बीडला राहायला गेले.

वर्कशॉपच्या याद्या माझ्याकडे. कोणत्या धातूला मिनिटाला किती फेरे, याचा तक्ता मी लेथशेजारी चिकटवला. सलीमभाईंनी तो नीट वाचला.

"अक्षर लई झ्याक हाय, ताई. पर जॉब जाड का बारीक, हे कुटं लिवलंय?"

मी ते हसण्यावारी नेलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी, तिथे उसाच्या रसाचं दुकान लावणाऱ्या कमळाबाई रसवंतीचा झिजलेला रोलर घेऊन आल्या. "उद्या सकाळी लोक येत्याल. रोलर न्हाई तर मी काय करत बसू तितं?" सलीमभाई जेवायला गेले होते. मी तक्ता पाहिला: ओतीव लोखंड, एकशेवीस फेरे. मशीन चालू केलं. करकर आवाज झाला आणि टूलचं, म्हणजे लोखंड कातणाऱ्या हत्याराचं, टोक जळून निळं पडलं. तसलं आता एकच टूल उरलं होतं.

सलीमभाई आले, पाहिलं आणि चक्क हसले. "तुमचा तक्ता दोन इंची शाफ्टचा, ताई. ह्यो रोलर सहा इंची. एका फेऱ्यात तिप्पट लोखंड टूलावर घासतंय. जळंल न्हाई तर काय?"

त्यांनी रोलरभोवती दोरा गुंडाळून पट्टीवर मोजला. भरला सत्तेचाळीस सेंटिमीटर.

"ह्या टूलापुढून मिनिटाला वीस मीटर जाऊ द्यायचं. वीस मीटरात ह्यो दोरा किती वेळा बसतोय? तेवढे फेरे."

मी भागाकार केला. बेचाळीस. मशीनवर जवळचा गिअर चाळीसचा होता.

"लावा. तुमीच लावा."

"एकच टूल आहे, सलीमभाई!"

"मोजलंय न्हवं? मग भ्या कशाला?"

रोलर संथ फिरू लागला. काळा भुगा झरझर खाली पडू लागला.

"मिस्त्री, हे चाललंय का झोपलंय?" कमळाबाईंनी विचारलं.

"तुमच्या सासूबाईवानी चाललंय. हळू, पर काम पुरं करून उठतंय!"

संध्याकाळी रोलर तयार झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जत्रेत गेलो. कमळाबाईंनी ऊस घातला, रसाची धार लागली. सलीमभाईंनी एक ग्लास संपवला, मागून पडलेलं चिपाड उचललं आणि माझ्या हातात दिलं. "पिळा."

मी दोन्ही हातांनी पिळलं. थेंबही निघाला नाही.

"कमळाबाई," सलीमभाई ओरडले, "ताईंना मोठा ग्लास द्या! रोलर त्यांनी कातलाय."