वरचा सा आणि शेजारचा माग

मंगळवारी सकाळी माझे पती गेले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं आणि कागदावर सही केली. मी तिथेच उभी होते. शेजारी माग चालू होते.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी गाणं धरलं होतं. गाण्यानं ह्यांना धरलं होतं, असं मात्र कुणी म्हणालं नसतं. आयुष्यभर बँकेत बसून लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, आणि शेवटी विजेवर चालणारी तानपुऱ्याची पेटी आणून स्वतःचा सूर ताडून पाहायला बसले. सही जुळत नसेल तर चेक परत करता येतो. सूर कुणाला परत करणार?

आमच्या घराला भिंत लावून यंत्रमागांचा कारखाना आहे. तिथे टॉवेल होतात. त्यामुळे गाण्याचा दिवस आम्ही ठरवलेला नव्हता, तो कारखान्यानं ठरवला होता. मागांना साप्ताहिक सुट्टी असेल त्या दिवशी हे गात. बाकीचे दिवस ती भिंत मागांची.

त्यांची एक पद्धत होती. पेटी चालू करायची, जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं, आणि मग गायचंच नाही. मांडी घालून, डोळे मिटून नुसता तानपुरा ऐकत बसायचं. "आधी सुराला घरात येऊ दे," म्हणायचे. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय कामाचं बोलू नये, तसं काहीसं. गाऊन झालं की स्वतःचंच ऐकायचं, चेहरा पाडायचा, आणि पुढच्या सुट्टीला त्याच कॅसेटवर, त्याच जागी पुन्हा रेकॉर्ड करायचं. कॅसेट एकच. नवी आणू म्हटलं तर म्हणत, "चुका कशाला जमवायच्या?"

गायचे तेही एकच. माझ्या सासूबाईंकडून आलेलं एक कानडी पद. सासर मैंदर्गीचं, तिथे घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढतात. मला ते पद निम्मंच कळतं. ते खरं येतं ह्यांच्या धाकट्या बहिणीला. पदाची दुसरी ओळ चढत चढत वरच्या 'सा'वर जाते आणि तिथे थांबते. हे चढत जायचे आणि सा यायच्या जरा आधीच उतरायचे. मला सुरातलं कळत नाही, पण वन्संचा चेहरा वाचता येत असे.

"अण्णा, तुजा वरचा सा म्हंजे मुक्कामाची एसटी हाय," वन्सं म्हणायच्या. "येणार येणार म्हणत्यात, अन् लोक स्टँडवरच झोपत्यात."

"येईल की," हे म्हणायचे. "तू थांब तर खरी."

"थांबलेच की! केस पांढरे झाले थांबून."

वन्संची ती थट्टा वर्षानुवर्षं चालली. हे गेले त्या आठवड्यातही सुट्टीच्या दिवशी ते गायला बसले होते. त्या दिवशी नेमकी शेजाऱ्यांना टॉवेलची ऑर्डर पुरी करायची होती, म्हणून गाणं सुरू झाल्यावर थोड्या वेळानं माग सुरू झाले. मी आतल्या खोलीत वाचत होते. मागांच्या आवाजाखाली मला काहीच ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर ह्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला, तेवढं आठवतं. ह्यांचा दुसरा चहा म्हणजे सणच असायचा, पण सण कसला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करायला पुढची सुट्टी आलीच नाही. म्हणून ते एक गाणं उरलं.

पहिल्या पुण्यतिथीला महिना राहिला तेव्हा वन्संचा फोन आला. कॅसेट त्यांनी ऐकली नव्हती, तिच्यावर माग आहेत एवढं माझ्याकडून कळलं होतं.

"वैनी, आईचं पद अण्णाच्या आवाजात लावू या. त्येवढं त्या मागाचं काय ते बगा. खटक-खटक, खटक-खटक. पुण्यतिथी हाय का कारखाना?"

मी हो म्हणाले. कॉम्प्युटरवर जुने आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर मिळतं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची मला जुनी सवय आहे. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्याचा हा परिणाम.

कॅसेटवरचं गाणं दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून आणलं आणि सॉफ्टवेअरच्या हवाली केलं. त्यात 'स्वच्छ करा' असं ठसठशीत बटण होतं. दाबलं. पट्टी सरकत सरकत नव्याण्णव टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथे बसली. उपास सोडायला मुहूर्त पाहत असावी. मग पडदा पांढरा झाला आणि अक्षरं आली: 'काहीतरी चुकलं.' आमच्या शाळेत मुलं संदर्भासह स्पष्टीकरणात असं लिहीत. मी शून्य देत असे.

दुसऱ्या दिवशी तेच गाणं, तेच बटण. ह्या वेळी चटकन काम झालं आणि आवाज असा आला, जणू हे हौदात बसून गात आहेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच बटण, आणि हे हौदातून निघून पत्र्याच्या डब्यात गेले. एकाच प्रश्नाला रोज वेगळं उत्तर देणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. इथे त्याला म्हणे बुद्धिमत्ता म्हणतात.

मग मी 'वेगळे करा' हा पर्याय वापरला. गायक, ढोल, खर्ज आणि इतर, असे चार भाग तो करून देतो. ढोलात माग गेले. ते ठीकच झालं, माग तालात होते. मोठ्या आशेनं मी 'गायक' उघडला. आतून शेजारचे कारखानदार बोलले, "सायेब, माफ करा हां, ऑर्डर हाय, आज बंद ठेवता येत नाय." गाण्याच्या मध्येच दारात येऊन ते एवढं बोलले होते. बाकी सगळी शांतता. माझे पती 'इतर'मध्ये सापडले. बँकेत बढतीच्या वेळीसुद्धा त्यांना इतक्या सहज कुणी बाजूला टाकलं नव्हतं.

गाण्याची भाषाही त्यानं स्वतःहून ओळखली. पोर्तुगीज. सासूबाईंनी अक्कलकोटच्या पलीकडचं फारसं काही पाहिलं नव्हतं. वाटेत पोर्तुगाल कुठे लागला, हे त्याच जाणोत.

मदतीसाठी एक खिडकी होती. तीत मी लिहिलं, की शेजारच्या मागाचा आवाज जात नाही आणि गायकाचा मात्र जातो. लगेच उत्तर आलं, 'आपली अडचण आम्ही समजू शकतो,' आणि खाली जोडलेले हात. मग सल्ला: गायकाला माइकच्या जवळ बसवून पुन्हा रेकॉर्ड करावं. मी लिहिलं, गायक वारले आहेत. उत्तर आलं, 'कळवल्याबद्दल धन्यवाद! मग गायकाला शांत खोलीत बसवून पाहावं.'

तो संवाद मी तिथेच थांबवला. त्याहून शांत खोली माझ्याकडे नव्हती.

मध्ये एकदा सकाळी उठून पाहते तर सॉफ्टवेअरनं स्वतःला नवं करून घेतलं होतं. 'स्वच्छ करा' नाहीसं झालं होतं आणि त्या जागी 'उत्तम आवाज' आलं होतं. म्हटलं, चला, नाव तरी बदललं. दाबलं. आणि खरोखर, माग गेले, शेजारी गेले, हे समोर बसून गायला लागले. आवाज खणखणीत. दुसरी ओळ चढली, वर गेली, वरच्या 'सा'वर जाऊन ऐटीत थांबली. मला न विचारता त्यानं सूर दुरुस्त करून टाकले होते.

मी वन्संना फोनवर ऐकवलं. दुसरी ओळ संपली तसं त्यांनी विचारलं.

"वैनी, ह्यो कोण?"

"तुमचा अण्णा."

"न्हाय न्हाय. अण्णा एवढा गुळगुळीत कदी होता? दाढी करून बी खरखरीत दिसायचा. आन् वरचा सा बगा की, तिकीट काढून आधीच बसल्यागत! काढून टाका ते. मागासकट चालंल, पर आमचा अण्णा पायजे."

मला हायसं वाटलं. माझंही तेच म्हणणं होतं, पण गाण्यातलं मला कळत नाही, तेव्हा बोलायचं कशाच्या जोरावर?

मग मी शेवटचा उपाय केला. एक जुना पर्याय होता, त्यात आपणच आधी सांगायचं की कचरा कुठला. सूचनेत लिहिलं होतं: जिथे कुणीही गात किंवा बोलत नाही असा तुकडा निवडा. सॉफ्टवेअर तो नमुना शिकेल आणि संपूर्ण ध्वनीतून काढून टाकेल. मी इमानी विद्यार्थिनी. कुणीही गात नाही असा तुकडा अगदी सुरुवातीलाच होता. हे डोळे मिटून बसलेले, माग अजून सुरू व्हायचे, नुसता तानपुरा. तो निवडला आणि काढण्याची पट्टी शेवटपर्यंत ओढली.

म्हणजे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधीच मी त्याला कचरा म्हणून नोंदवलं.

निघालेलं गाणं विलक्षण होतं. माग जसेच्या तसे, कारखानदारांचं माफी मागणं जसंच्या तसं. तानपुरा नाही. आणि ह्यांचा आवाज मध्येच असायचा, मध्येच विरून जायचा, जुन्या टॉवेलसारखा जागोजागी विरलेला. मी चिडून बंद केलं. मग पुन्हा लावलं, कारण ह्या विरण्यात काहीतरी रीत दिसत होती. इतक्या दिवसांत त्या सॉफ्टवेअरमध्ये मला कुठलीच रीत दिसली नव्हती.

विचार करायला मला वेळ लागतो. दुपारभर ऐकल्यावर लक्षात आलं. सॉफ्टवेअर तानपुऱ्याचे सूर पुसत होतं. ह्यांचा सूर तानपुऱ्याशी जुळला की तोही तानपुरा समजून पुसला जात होता. जिथे हे चुकत होते तिथे ते ऐकू येत होते, आणि जिथे बरोबर होते तिथे गायब. यंत्रानं ह्यांच्या सगळ्या चुका मला निवडून, पाखडून दिल्या होत्या. जमवायच्या नाहीत म्हणून हे ज्या दर आठवड्याला पुसत होते, त्याच.

मग दुसरी ओळ आली. ती चढली. वन्सं म्हणायच्या तशी स्टँडकडे निघाली. मी कान लावून बसले, कारण आता उतरतानाचा तो ओळखीचा घसरता आवाज येणार होता. तो आला नाही. तिथे काहीच नव्हतं. नुसते माग. ते बरेच वाजत राहिले, आणि मग ह्यांचं एकच "हं" ऐकू आलं, पासबुकात बेरीज बरोबर निघाल्यावर म्हणत तसं.

मला सुरातलं कळत नाही, हे मी पुन्हा सांगते. एखाद्या बिघडलेल्या यंत्राच्या साक्षीवर मी काही मानून बसले नाही. ज्याला मैंदर्गीची भाषा पोर्तुगीज वाटते, त्याच्यावर 'सा'च्या बाबतीत काय भरवसा ठेवायचा? मी वन्संना बोलावून घेतलं. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी त्या आल्या, हातपाय धुतले, चहा नको म्हणाल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. टेपरेकॉर्डर काढला आणि कॅसेट लावली. स्वच्छ न केलेली, मागांसकट.

दुसरी ओळ चढली तसा त्यांनी हात वर केला. मी त्यांचा चेहरा वाचत होते. थट्टेची ती जुनी तयारी ओठांवर आली होती. ती तिथेच राहिली. कारखान्याच्या खटक-खटकमध्ये ह्यांचा आवाज कुठेतरी वर थांबलेला होता. मग ते "हं".

"मागं घ्या," वन्सं म्हणाल्या.

मी मागं घेतली. त्यांनी पुन्हा ऐकलं. मग पेटी चालू करायला सांगितली आणि तानपुऱ्यावर स्वतः तो सा लावून पाहिला, ह्यांच्याबरोबर.

"लागलाय की," त्या म्हणाल्या. मग पेटी बंद करत म्हणाल्या, "आली वैनी एसटी. आन् मी स्टँडवर नव्हते."

त्या पदराला डोळे पुसत होत्या. मी चहा ठेवायला उठले. ह्या वेळी त्या नको म्हणाल्या नाहीत.

पुण्यतिथीला आम्ही कॅसेटच लावली. शेजारचे कारखानदार मागच्या रांगेत बसले होते. स्वतःचा आवाज ऐकून ते अवघडले. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ आले.

"बाई, तेवढं माझं बोलणं काडता आलं नसतं का?"

"नाही," मी म्हणाले. "कॉम्प्युटरच्या मते मुख्य गायक तुम्हीच आहात."

सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. जाताना त्यानं विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? एक दिला. तो त्या विरलेल्या टॉवेलसाठी.

कॅसेटच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही चिपा मी मोडल्या आहेत, म्हणजे तिच्यावर आता काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट कपाटात आहे, पेटी खिडकीत आहे. मागांना सुट्टी असते त्या दिवशी घरात आवाज नसतो.