खाणीतला भराव आणि कौल

परवा सकाळी विहिरीवर गेलो आणि कळशी हातातच राहिली. पाण्यावर तेलकट तवंग... घरात प्यायला हेच पाणी.

आमच्या काजूच्या बागेत, विहिरीच्या वरच्या अंगाला, जांभ्या चिऱ्याची जुनी खाण आहे. खोल चौकोनी खड्डा, गुरं पडायची भीती. शिमग्यानंतर एक ओळखीचा ट्रकवाला म्हणाला, "भराव फुकट देतो, मातीच समजा."

आमच्याकडे असं काही करण्याआधी देवाला कौल लावतात. देवळात गुरवकाकांनी देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावल्या, मी विचारलं, खाण मातीने बुजवू का? उजवी पाकळी पडली... म्हणजे होकार.

ट्रक रिकामे झाले तेव्हा मी बघतच राहिलो. भंगारातल्या गाड्या मशीनमध्ये फाडून लोखंड काढून घेतात, त्यातून उरलेला चुरा होता तो. सीटचा स्पंज, रबर, प्लास्टिक, काच, सगळं तेलकट. मन खात होतं, पण कौल मिळाला होता ना... ढकललं सगळं खड्ड्यात. मग पाऊस झाला, आणि आता हा तवंग.

तसाच काकांकडे गेलो. "काकानू, देव चुकलो काय हो?" तोंडातून निघूनच गेलं.

पानाला चुना लावत ते म्हणाले, "तू देवाक काय इचारलंस?"

"माती घालू काय म्हणान."

"मगे? माती खंय आसा थंय? मोटारींची आतडी भरलंस आणि देवाक बोल लावतंस!"

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "देवाचा मागसून बघूया. आधी ता बाहेर काढा."

दोन दिवस घमेल्याने उपसतोय, पोती भरतोय. पाणी शेजारच्या वहिनी देतात, न मागता. त्यांचे उपकार कसे फेडू...

काल ट्रकवाल्याला फोन केला. म्हणाला, पोती उचलतो, दुसरीकडे एक खड्डा बघितलाय. मी विचारलं, तिथे जवळ विहीर आहे का?

"असेल. तुमची नाही ना?"

मी फोन ठेवला. पोती दिली नाहीत.

आता ती माझ्या पडवीत ताडपत्रीखाली आहेत. त्यांचं काय करायचं ते मला खरंच कळत नाही, कुणाला ठाऊक असेल तर सांगा. पण ती दुसऱ्याच्या विहिरीजवळ टाकू का, हे विचारायला मला देवाची पाकळी लागली नाही... एवढी अक्कल तरी त्याने आधीच देऊन ठेवलीय.