आठवीच्या गणिताचा फॉर्म

आखाती युद्ध सुरू होऊन मुलीची शाळा बंद पडली, त्याच्या दोनच दिवस आधी तिच्या दप्तरातून एक फॉर्म घरी आला होता. ती सातवीत होती. आठवीत गणिताचे दोन वर्ग होणार होते. एकात पहिल्या दिवसापासून बीजगणित. दुसऱ्यात आधी सहा महिने अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या पक्क्या करून घ्यायच्या आणि मग बीजगणिताला हात घालायचा. पालकांनी खूण करून कळवायचं होतं. माझ्या नवऱ्याने चहा पिता पिता पहिल्या वर्गापुढे खूण केली आणि फॉर्म टीव्हीवर ठेवून दिला.

आम्ही तेव्हा सौदीत, कतीफला होतो. मी सरकारी हॉस्पिटलात नर्स, नवरा तिथेच लॅबमध्ये. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या, ड्यूट्या वाढल्या. मुलीला दिवसभर ठेवायचं कुठे, हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या जोडप्याने, आमच्या चाचा-चाचींनी सोडवला. चाचा मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअरकीपर होते. बोटी समुद्रात जात नव्हत्या, त्यामुळे ते घरीच असत. इकडे येण्यापूर्वी चार वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

विषारी वायूच्या भीतीने खिडकीला प्लास्टिक लावून, कडा चिकटपट्टीने बंद करून त्यांनी आतली एक खोली तयार ठेवली होती. हल्ल्याचा भोंगा झाला की तिथे जाऊन बसायचं. पहिल्या दिवशी मुलगी गॅस मास्कमध्ये रडली आणि काच धुकटून तिला काही दिसेना. दुसऱ्या दिवसापासून चाचांनी खोलीत वही-पेन्सिल ठेवली. मी संध्याकाळी न्यायला गेले की ती आज काय काय सोडवलं ते सांगत बसे. भोंगा किती वेळा झाला, हे मलाच विचारावं लागे.

तीन आठवड्यांनी चाचांनी मला थांबवून घेतलं. मुलगी एक्सची गणितं भराभर सोडवते, म्हणाले. पण उणे सात मोठे की उणे तीन, असं विचारलं तर गडबडते. दोन तृतीयांश आणि तीन पंचमांशात मोठा कोण, हे तिने चक्क अंदाजाने सांगितलं होतं. रीत पाठ आहे, खालचा पाया कच्चा आहे, असं त्यांचं मत पडलं.

मी घरी हे सांगितलं, तेव्हा नवऱ्याला लागलं. उद्या नोकरी सोडून गावी परतावं लागलं, तर मुलगी मागे पडायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या दिवसांत ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती. तो तसाच खाली गेला. मी आणि मुलगी मागोमाग.

चाचांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावी गेलात तरी अपूर्णांक हेच असणार, भाऊ. तिला काय हवं ते विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. मीही नाही.

मुलगी घरात बहुधा हिंदीतच उत्तरं द्यायची. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "पप्पा, मला दुसरा वर्ग पाहिजे. पहिल्यात मी नुसतं पाठ करीन."

चाचीने चहा आणला, तो नवऱ्याने संपवला. वर आल्यावर त्याने टीव्हीवरचा फॉर्म घेतला, पहिली खूण खोडली, दुसरी केली आणि शेजारी सही केली.

युद्ध संपून शाळा उघडली, तेव्हा कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर आमच्या आकाशापर्यंत आला होता. वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवर काजळी बसायची. फॉर्म घेताना वर्गशिक्षिकेने दोनदा विचारलं, नक्की ना? नवऱ्यानेच हो म्हटलं.

आठवीत मुलगी पहिली वगैरे आली नाही. दिवाळीनंतर बीजगणित सुरू झालं. एकदा जेवताना तिने वडिलांना विचारलं, उणे गुणिले उणे अधिक का होतं? तो म्हणाला, तसा नियमच आहे. तिने ताट बाजूला सारलं, कागद घेतला आणि त्याला समजावून दिलं. त्याने दोन ठिकाणी अडवून शंका विचारल्या. भाजी निवून गेली, ती मी परत गरम करायला ठेवली.