कापून दाखवा

आमच्या वहिनी येताना दिसल्या की कलिंगडवाला हातातलं काम टाकून सुरी शोधायला लागतो. बाकीची गिऱ्हाइकं कलिंगड वाजवून बघतात, विश्वासानं नेतात आणि घरी जाऊन पस्तावतात. वहिनी वाजवत नाहीत. "वाजायला काय, रिकामा डबाही वाजतो. कापून दाखवा," म्हणतात. कलिंगडवाल्यानं त्यांचं नाव कापबाई ठेवलंय आणि ते त्यांना ठाऊक आहे. त्यांना सगळंच ठाऊक असतं. नसेल तिथं संशय असतो.

घरात याचा सगळ्यात जास्त ताप दादाला. दादानं गॅस बंद केला की वहिनी उठून पुन्हा बघून येतात. सव्वीस वर्षं झाली.

"अगं, आत्ताच बंद केलाय!"

"हो, पण तुम्ही केलाय ना."

दूधवाल्याचं माप, भिंतीवरचं घड्याळ, दिराची, म्हणजे माझी, डोकेदुखी, सगळं तपासून मगच मान्य होतं. माझी डोकेदुखी अजून मान्य व्हायची आहे.

असा स्वभाव घेऊन माणसानं नोकरी कुठं करावी? वहिनींना मात्र मापानं शिवल्यासारखी जागा मिळाली. शहराच्या टोकाला एक प्रयोगशाळा आहे. तिथं हाडातल्या खड्ड्यात बसवायच्या चकत्या तयार होतात. पांढऱ्या, बोटभर रुंद, स्पंजासारख्या आरपार भोकाभोकांच्या. हाडाचा तुकडा काढावा लागला की तिथं चकती ठेवायची. शरीरातल्या पेशी भोकांतून आत शिरतात, बिऱ्हाड मांडतात, आणि चकती हळूहळू विरून तिथं हाड उभं राहतं. अडचण एवढीच, की चकती प्लास्टिकची आणि या प्लास्टिकला पाण्याचं वावडं. जिथं पाणी जात नाही तिथं पेशी कशाला जातील?

म्हणून वहिनींचं यंत्र. बंद पेटीत चकत्या ठेवायच्या, पंपानं हवा काढून घ्यायची, किंचित वायू सोडायचा आणि त्यात वीज. वायू जांभळा पेटतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो चकतीला न जाळता तिच्या अंगावरून फिरतो आणि तेच प्लास्टिक पाण्याला तहानलेलं होतं. ही तहानही काही दिवसांचीच. मग चकती पुन्हा मूळ स्वभावावर जाते. "लग्नानंतर जातात तसं," असं वहिनी दादाकडे न बघता म्हणतात.

झालेल्या कामाची परीक्षा सोपी होती. चकतीवर निर्जंतुक निळ्या पाण्याचा थेंब टाकायचा. मोत्यासारखा बसून राहिला तर नापास, गडप झाला तर पास. ती पद्धत ठरवली साहेबांनी, आणि वहिनींचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून संशय. त्यांच्या टेबलाला कुलूपबंद खण आहे, त्यात पाकिटं. प्रत्येकावर तारीख आणि आत पुरावा: कुणाच्या तरी हातमोज्याचा फाटका तुकडा, झाकणावर सापडलेला केस, साहेबांच्या सहीची चिठ्ठी. किल्ली त्यांच्या पर्समध्ये, पर्स त्यांच्या काखेत.

त्या दिवशी बारा चकत्या निघाल्या होत्या. दुपारी चारला गाडी येणार, आणि तीन दिवसांनी शस्त्रक्रिया. कागदावर एवढंच होतं: 'स्त्री, वय एक्केचाळीस, जबडा, डावी बाजू.' त्या बाईबद्दल वहिनींना याहून जास्त काही माहीत नव्हतं. पण ती सध्या नुसत्या पातळ पदार्थांवर आहे, एवढं सर्जनच्या फोनवरून कानावर आलं होतं, आणि तेव्हापासून वहिनी डब्यातली पोळी जरा सावकाश चावत होत्या.

बाराही थेंब टाकल्या टाकल्या नाहीसे झाले. साहेब खूश.

"वा! यावेळी तर डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"तेच म्हणते मी. यावेळीच का?"

"बाई, काम चांगलं झालं तर त्याचाही संशय?"

"चांगल्याचा तर आधी." आणि साहेब हां हां म्हणेपर्यंत वहिनींनी एक चकती उचलून पात्यानं उभी कापली.

वरची साय तेवढी निळी. खाली कोरडी ठणठणीत, पांढरीफटक.

म्हणजे त्या बाईच्या जबड्यात हाड नुसतं वरवर आलं असतं, कलिंगडाच्या सालीसारखं, आणि पहिल्याच घासाला दगा दिला असता. साहेबांनी चारची गाडी रद्द केली. वहिनी मात्र तरतरीत झाल्या, कारण आता कुणीतरी सापडणार होतं.

पहिला सापडला पंपवाला. परवाच तो पंपाला तेलपाणी करून गेला होता, त्याला पुन्हा बोलावून घेतलं. "तुमचा पंप हवा नीट ओढत नाही."

"ताई, पंप धुतल्या तांदळासारखा आहे."

"उघडा. बघू दे."

बिचाऱ्यानं पंप खोलून फरशीवर मांडला. तिकडे साहेब फोनवर सर्जनला सांगायला लागले, की पंप बिघडलाय, माणूस हलगर्जी आहे, आम्ही बदलतोय त्याला. वहिनी म्हणाल्या, "थांबा, माझ्याकडे पुरावा आहे," आणि आपल्या खोलीत जाऊन खण उघडला.

परवाच्या तारखेचं पाकीट जाड होतं. त्यात पोलादी जाळी होती. पेटीत चकत्या ठेवतात ती जाळी. तिच्यावर वंगणाचा तिळाएवढा डाग दिसला, तेव्हा पंपवाल्याच्या नावानं वहिनींनी ती जप्त केली होती आणि तेवढ्यापुरती काचेची सपाट, लख्ख ताटली पेटीत ठेवली होती. जाळीवर चकती असली की वायू खालून वर आरपार जातो. ताटलीवर खालचा रस्ता बंद.

सव्वीस वर्षं जगाला कापून बघणाऱ्या बाईच्या हातात जाळी होती, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाकीट पुन्हा खणात गेलं असतं, ताटली उचलून जाळी ठेवली असती, तर पुढचा घाणा उत्तम निघाला असता. पंपवाला गेला असता, एवढंच.

"जाळी उलटसुलट करून बघितली," वहिनी नंतर मला सांगत होत्या. "वाटलं, या बाईवर आपण नजर का नाही ठेवली?"

त्या जाळी घेऊन बाहेर आल्या. "साहेब, फोन ठेवू नका. सर्जनना सांगा, पंपाचा दोष नाही. जाळी माझ्याकडे होती. मी काढली, मीच विसरले."

साहेबांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. मग शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली.

पंपवाल्यानं हात पुसले. "ताई, मग माझ्या नावाचं पाकीट फाडा आता."

"पाकीट राहील. डाग तुमच्याच वंगणाचा आहे."

जाळी त्यानंच धुऊन दिली. अकरा चकत्या धुऊन, वाळवून पुन्हा पेटीत ठेवल्या. त्यातली एक थेंब टाकून कापली, तर शेवटच्या भोकापर्यंत निळी. उरलेल्या दहा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रवाना झाल्या. साहेबांची पद्धत त्याच दिवशी बदलली: प्रत्येक घाण्यातली एक चकती कापायची, आणि कापणारा माणूस पेटी भरणाऱ्याहून वेगळा. दुसरी अट वहिनींनी स्वतःच्या हातानं लिहिली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. वहिनींनी चहा केला, गॅस बंद केला, येऊन बसल्या. कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"अहो, जरा बघून येता का? मी बंद केलाय का ते."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मग उठून आत गेला आणि लढाई जिंकल्यासारखा परत आला.

"बंद आहे."

"हात लावून बघितलंत? की दारातूनच?"

दादा पुन्हा आत गेला.