देवजीकाकांचं रान

“रान हाय सायेब. माझ्या आज्याच्या टायमापासनं रानच हाय ते,” देवजीकाका म्हणाले आणि टेबलापलीकडच्या साहेबांचा चेहरा एकदम खुलला.

“वा! मग प्रश्नच मिटला,” म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी मात्र खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसले.

मी नियोजन सल्लागार आहे. म्हणजे लोकांच्या जमिनीच्या भानगडी नकाशासकट काखोटीला मारून सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणं, हा माझा धंदा. डहाणू-तलासरीत त्याला मरण नाही. प्रादेशिक नकाशात प्रत्येक जमिनीला एक रंग असतो, त्याला झोन म्हणतात. जमीन तुमच्या मालकीची असली तरी तिच्यावर काय करायचं ते हा रंग ठरवतो. गंजाडच्या पुढे एका पाड्यावर राहणाऱ्या देवजीकाकांची सगळी जमीन नव्या नकाशात संवर्धन झोनमध्ये गेली होती. वरच्या अर्ध्यात टेकडीवरचं जंगल आहे, त्यामुळे तिथे ते ठीकच होतं. पण खालच्या अर्ध्यात हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या भात लावतंय. रंग भरणाऱ्याने जागेवर पाऊल न टाकता सरसकट हात मारला, दुसरं काय!

संवर्धन झोनमध्ये जुना भात लावायला कुणी अडवत नाही. विहीर खणायला अडवतात. आणि काकांना विहीरच हवी होती. पाणी असलं की भातानंतर मिरची घेता येते. मिरची असली की त्यांची लेक सुनीता आणि घरजावई दिवाळीनंतर गुजरातेत वीटभट्टीवर जाणार नाहीत. दरवर्षी ती दोघं जायची ती पावसाच्या तोंडावर परतायची. मधले सगळे महिने काका आणि चैतीकाकू घरात दोघंच. पहिल्याच भेटीत काका मला म्हणाले होते, “झोन-बिन तुमी बघा ताई. माझी पोर घरात रायला पायजे.”

मी अख्खी जमीन शेती झोनमध्ये घ्यावी असा अर्ज केला. नुसता खालचा तुकडा मागायचा तर आधी सरकारी मोजणी लागते आणि मोजणीची रांग कधी हलेल ते मोजणीवाल्यांनाही माहीत नसतं. सगळं मागावं, निम्मं पदरात पडलं तरी आपलं काम होतं, हा या धंद्यातला सर्वमान्य हिशेब. त्याच अर्जाची ही सुनावणी होती आणि “वरच्या भागात काय आहे?” एवढंच साहेबांनी विचारलं होतं.

आता घोळ काय झाला ते सांगते. साहेब नुकतेच बदलून आलेले, सोलापूरकडचे. तिकडे रान म्हणजे शेत. कुणी रानात गेलाय म्हटलं की तो खुरपायला किंवा पाणी धरायला गेलाय असं समजायचं. आमच्याकडे रान म्हणजे जंगल. काकांनी खरं तेच सांगितलं होतं आणि साहेबांनी बरोबर उलटं ऐकलं होतं.

“साहेब, इकडे रान म्हणजे...” मी सुरुवात केली.

“मॅडम, मला रान शिकवू नका. शेतकऱ्याचा मुलगा आहे मी.”

पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात काकाच पुढे वाकून म्हणाले, “या ना सायेब, रान बघाया. करवंदं पिकल्यात.”

साहेबांचं पेन थांबलं. “इकडे आल्यापासून मला कुणी रानात या म्हणालं नव्हतं हो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला पुढे बोलवेना. “शनिवारी येतो.”

बाहेर आल्यावर मी काकांना सगळं उलगडून सांगितलं. ते पायरीवर बसून पोट धरून हसले.

“हसू नका. ते येतील, झाडं बघतील आणि अर्ज फेटाळतील.”

त्यांचं हसू विरलं. “मंग पोरीला काय सांगू?”

“त्यांना खालूनच परत पाठवू. भातशेती दाखवू, चहा पाजू.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजले. “रान बघाया बोलावलं, नं रान नाय दाखवायचं? असं करतात व्हय ताई?”

शनिवारी साहेब आले. डोक्याला टोपी, पायात चपला आणि हातात फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा. रानात बसून खायला म्हणून बायकोकडून मुद्दाम करून आणलं होतं. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण काका त्यांना घेऊन केव्हाच पुढे निघाले होते.

खालच्या बांधावर साहेब थांबले. “हे कुणाचं?”

“माझंच. भाताचं शेत.”

“आणि रान?”

“वर.”

आम्ही दगडांचा बांध ओलांडून चढलो. साग, ऐन, मोह दाट होत गेले, करवंदीच्या जाळ्या कपड्यांना धरू लागल्या. साहेबांची एक चप्पल तुटली. घामाने निथळत त्यांनी चौफेर पाहिलं. “देवजीकाका, अहो, रान कुठंय?”

“रानातच तं उभं हाव सायेब.”

साहेबांनी झाडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॅडम, तुम्हाला माहीत होतं?”

“हो. सांगत होते. तुम्ही म्हणालात, रान शिकवू नका.”

ते एका दगडावर बसले. “इथल्या किनाऱ्यावर मोठं बंदर येणार अशी चर्चा सुरू झाल्यापासून झोन बदलाचा एकही अर्ज मी डोळे मिटून घेत नाही. आज शेती, उद्या रिसॉर्ट. एवढाच एक सरळ वाटला होता. याला मी शेती कसं म्हणू?”

“ह्याला कोन शेती म्हनतं?” काकाच बुचकळ्यात पडले. “शेती खाली. मला खाली विहीर पायजे.”

“मग हे वरचं?”

“हे रान. ते रानच रायेल ना.”

साहेब दगडावरून उठले. मग मला म्हणाले, “यांच्यामागे कुणी बिल्डर असता, तर त्याने हे वरचं असं सोडून दिलं नसतं. अर्ज दुरुस्त करा. दगडी बांधाखाली शेती, वर आहे ते राहू द्या. मोजणी तातडीने करा, असं पत्र मी देतो.”

माझ्या जिवात जीव आला. खाली घरी उतरल्यावर चैतीकाकूंनी पळसाच्या पानावर करवंदं आणून ठेवली. साहेबांनी भाकरीचे चार तुकडे केले आणि काकूंना पहिला दिला. ठेच्याने काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

तातडीचं पत्र असूनही हुकूम दिवाळीनंतरच निघाला. त्या वर्षी सुनीता आणि जावई भट्टीवर गेलेच. पुढच्या उन्हाळ्यात विहीर झाली, पाणी लागलं. या धंद्यात राहून मी शिकले ते इतकंच: नियमपुस्तकात प्रत्येक शब्दाची व्याख्या असते, साहेबांच्या डोक्यातल्या शब्दांची नसते. हल्ली सुनावणीआधी मी फाइल नंतर बघते, साहेबांचं गाव आधी विचारते.

विहीर झाली त्या वर्षीची दिवाळी उलटल्यावर हुकमाची एक जादा प्रत द्यायला मी पाड्यावर गेले, तर नेमका भट्टीचा ट्रक सडकेवर उभा होता. जावई शेजाऱ्यांना ट्रकपर्यंत सोडायला गेला आणि मिरचीला पाणी द्यायला परत आला. चैतीकाकू ओसरीवर बसून फडक्यात तांदूळ आणि सुकट बांधत होत्या. दरवर्षी लेकीला बांधून द्यायच्या, तसंच.

“आये, कुनाला बांधतेस?” सुनीताने आतून विचारलं.

काकूंचा हात थांबला. त्यांनी फडकं सोडलं, सगळे तांदूळ सुपात ओतले आणि तिथल्या तिथे निवडायला घेतले. “ताई,” मान वर न करता त्या मला म्हणाल्या, “आज आमी चौघं जेवू. तुमी बी थांबा.”