बेटावरचा रागीट वाढपी

आखातात, अहमदीतल्या तेल कंपनीच्या क्लबात मी वाढपी होतो. बाहेर वाळू भाजत असायची आणि आत साहेबलोकांना दक्षिण समुद्रातलं बेट हवं होतं. मॅनेजरने अमेरिकन मासिकांतले फोटो आमच्यापुढे टाकले. बांबूचा बार, गवती छप्पर, दात विचकणारे लाकडी देव, गळ्यात माळा आणि कमरेला गवताचे घागरे घातलेले हसरे नोकर. "पार्टीला असंच पाहिजे."

आम्ही रत्नागिरीकडचे, म्हणून छप्पर आमच्या गळ्यात. स्वयंपाकी चाचा आणि मी खजुराच्या फांद्यांचे झाप विणायला बसलो. नारळाची झावळी वाकते. खजुराची मात्र काट्यांनी बोटं फोडते.

"चाचा, ही गुलामी आहे. ज्या बेटांवर राज्य केलं, त्यांचीच सोंगं काढून हे पिणार."

"पितील. तू आधी कड दुमड. कामगार चळवळीची पत्रकं एवढी वाचलीस, झाप मात्र ढिला विणतोस."

धाकट्या बहिणीचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. माझा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आणि रजेचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर. तरीही मी ठरवलं, गवताचा घागरा नेसायचा नाही.

पार्टीच्या संध्याकाळी सगळ्यांनी नेसला. चाचांनीही, पायजम्यावरून. मी पांढऱ्या शर्टातच मॅनेजरपुढे गेलो आणि पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं: मी माणूस आहे, शोभेची वस्तू नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या लाकडी देवाकडे, आणि तो खो खो हसत सुटला. "हुबेहूब! हलू नकोस!" त्याने फोटोग्राफरला हाक मारली.

तो फोटो बारमागच्या भिंतीवर लागला. पाहुणे आले की आधी फोटो बघत, मग मला. "तसं तोंड कर ना!" माझा संताप ही क्लबची गंमत झाली. एकदा मुद्दाम हसून पाहिलं, तर टेबलावर हशा पिकला, आज देव प्रसन्न झाला म्हणून.

"घागरा नेसला असतास तर घोळक्यात लपला असतास," चाचा म्हणाले. त्यांचं खरं होतं, आणि तरीही मी तो नेसला नसता.

डिसेंबरात मॅनेजरने अर्ज परत दिला. "हिवाळाभर पाहुणे आहेत. तुझ्याशिवाय बेट कसलं? मार्चनंतर बघू."

"बहिणीचं लग्न आहे, सर."

"मग तिला फोटो पाठव," तो म्हणाला. थट्टा नव्हती ती. त्याने खरंच एक प्रत काढून दिली.

मुहूर्ताच्या वेळी माझी दुपारची पाळी होती.